चौथा मेसेज

पहिले तीन मेसेज जातात आणि चौथ्याला एरर येते, असं फोनवर कुणी सांगितलं की मी आधी कंट्रोलर कुठला ते विचारते. ‘एसटीएम३२’ हे उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

‘टेबलावर तुझा बोर्ड एकटाच आहे ना?’

‘हो मॅडम. पण तीन मेसेज तर व्यवस्थित जातायत.’

जात नसतात. एकही गेलेला नसतो. त्या चिपमध्ये कॅन बसवर पाठवायचे मेसेज ठेवायला तीन खण असतात, डेटाशीटमध्ये त्यांना मेलबॉक्स म्हणतात. लायब्ररीच्या फंक्शनच्या हातात मेसेज दिला की ते रिकामा खण शोधतं, मेसेज त्यात टाकतं आणि ‘ओके’ म्हणून परत येतं. तो ओके खणात टाकल्याचा. पुढे वायरवर काय झालं याच्याशी त्या फंक्शनचा संबंध नाही. चौथ्या वेळी तिन्ही खण भरलेले दिसतात म्हणून ते नकार देतं. आपण मात्र त्या ओकेच्या पुढे आपल्या हाताने ‘मेसेज सेंट’ असं छापून ठेवलेलं असतं, आणि मग आपण छापलेल्यावरच आपला विश्वास बसतो.

भोसरी-चाकण पट्ट्यात असे बोर्ड दुरुस्त करत, करवून घेत माझी बरीच वर्षं गेली. त्यातलं एक काम सांगण्यासारखं आहे, कारण कॅनवर मेसेज अडकण्याची जवळजवळ सगळी कारणं त्या एकाच कामात एकामागोमाग भेटली. एमआयडीसीतला पत्र्याचा शेड, तिथे तीनचाकी ई-रिक्षांसाठी बॅटरी पॅक बांधतात. पॅकमध्ये एक बोर्ड, तो सेलचं व्होल्टेज आणि तापमान बघतो आणि चार्जरला कॅनवरून सांगतो की इतके व्होल्ट दे, इतके अँपिअर दे. बोर्ड बाहेरून करून घेतलेला, त्यावर एसटीएम३२ एफ१०३. कोड लिहिणारा मुलगा नुकताच इंजिनिअर झालेला, हुशार, आणि सगळी दुखणी कोडमध्येच असतात अशी त्याची ठाम श्रद्धा. वायरिंग बघायला एक वयस्क मामा, त्यांची श्रद्धा बरोबर उलटी.

कॅनची मांडणी बॉश कंपनीची. १९८३ च्या सुमारास जर्मनीत काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला वाहन अभियंत्यांच्या अधिवेशनात ती जाहीर झाली. पुढच्याच वर्षी इंटेलची चिप आली, १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक झालं. गाडीतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक डब्याने दुसऱ्या प्रत्येक डब्याशी बोलायला वेगळी वायर ओढायची, असं करत गेलं तर हार्नेसचं वजन आणि किंमत कुठच्या कुठे जाते. म्हणून दोनच वायरी, एच आणि एल, आणि सगळे त्यांच्यावर. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास. शून्य पाठवायचा तर एच वर, एल खाली, दोघांत साधारण दोन व्होल्टचं अंतर. त्याला डॉमिनंट म्हणतात. एक पाठवायचा तर काहीच करायचं नाही, वायरी आपोआप एकत्र येतात. तो रिसेसिव्ह. दहा जण गप्प असताना एकाने शून्य ओढला तर बसवर शून्यच दिसतो.

पोचपावती याच गुणावर उभी आहे. मेसेजच्या शेवटी पाठवणारा एका बिटाची जागा मोकळी सोडतो, म्हणजे रिसेसिव्ह ठेवतो. ज्या कुणाला तोपर्यंतचा मेसेज बिनचूक मिळाला असेल, तपासणीचा आकडा, म्हणजे सीआरसी, जुळला असेल, त्याने त्या जागी शून्य ओढायचा. कीर्तनकार ओळीच्या शेवटी थांबतो आणि मागचे टाळकरी ती उचलतात, तसं. टाळकरीच नसतील तर कीर्तनकाराला कळतं की आपण रिकाम्या मंडपात उभे आहोत. फरक इतकाच की कॅनचा कंट्रोलर घरी जात नाही, तीच ओळ पुन्हा म्हणतो. आणि पुन्हा. प्रोग्रामरने सांगितलेलं नसतं, हार्डवेअर स्वतःच करतं.

म्हणजे टेबलावर एकटा ठेवलेला बोर्ड ‘नुसता पाठवून बघणं’ शक्यच नाही. सिरीयल पोर्टमुळे सवय झालेली असते की पाठवणाऱ्याचं काम पाठवणाऱ्यापाशी संपतं. कॅनमध्ये ऐकणारा असल्याशिवाय पाठवण्याची क्रिया पुरीच होत नाही. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘पण मॅडम, मी लॅपटॉपला कॅनचा डोंगल लावलाय की. आणि डोंगलवर मेसेज दिसतोय. उलट फार दिसतोय.’

गेले बघायला. खरंच, लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचा एकच मेसेज सेकंदाला हजाराहून जास्त वेळा येत होता. कोडमध्ये तो सेकंदाला एकदा पाठवायचा होता. त्याने टायमरचा सगळा कोड उलथापालथा केला होता. मी डोंगलच्या सेटिंगमध्ये गेले. ‘लिसन ओन्ली’ला टिक केलेली. बसला धक्का लागू नये म्हणून कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. या स्थितीत डोंगल ऐकतो पण शून्य ओढत नाही, म्हणजे पोचपावती देत नाही. बोर्ड बिचारा पावती मिळेपर्यंत तोच मेसेज म्हणत राहतो आणि डोंगल तो दर वेळी नवा म्हणून नोंदतो. टिक काढली, त्याच क्षणी पडदा शांत झाला आणि सेकंदाला एक मेसेज येऊ लागला. टायमर पहिल्यापासून बरोबर होता.

इथे एक गोष्ट मला बॉशच्या लोकांची फार आवडते. प्रत्येक कंट्रोलर आपल्या चुकांचा हिशेब ठेवतो. पाठवताना चूक झाली की आकडा आठने वाढतो, मेसेज नीट गेला की एकने कमी होतो. १२८ झाले की कंट्रोलर ‘एरर पॅसिव्ह’ होतो, म्हणजे इतरांच्या बोलण्यात ढवळाढवळ करण्याचा त्याचा हक्क जातो. २५५ च्या पुढे गेला की ‘बस ऑफ’, बसवरून बाहेर. पण नुसती पोचपावती मिळत नसेल तर सोळा वेळा आपटून आकडा १२८ वर पोचतो आणि तिथेच थांबतो. कारण मूळ मांडणीतच लिहिलेलं आहे: गाडी सुरू होताना एखादा डबा इतरांच्या आधी जागा होऊ शकतो, तो एकटा आहे म्हणून त्याला हाकलायचं नाही.

याचा निदानाला मोठा उपयोग होतो. आकडा १२८ वर स्थिर असेल तर माझी वाणी ठीक आहे, ऐकणारा नाही. बोर्ड झटक्यात बस ऑफ होत असेल तर माझ्या स्वतःच्या घशात काहीतरी अडकलंय. एसटीच्या चिपमध्ये शेवटच्या चुकीचा प्रकार एका रजिस्टरात वाचता येतो: तीन म्हणजे पावती नाही, पाच म्हणजे मी शून्य ओढला पण वायरवर मला एकच दिसला. पुढच्या लॉटच्या एका बोर्डावर हाच पाच दिसला. कंट्रोलर आणि वायर यांच्यामध्ये आठ पायांची ट्रान्सीव्हर चिप असते, तिच्या एका पायाला वरचं व्होल्टेज दिलं की ती झोपते. बोर्ड करणाऱ्याने तो पाय कंट्रोलरला जोडला होता आणि नव्या कोडमध्ये तो खाली ओढायचा राहिला होता. आणखी एक जण दुसरीकडे पाठवायचा टीएक्स आणि घ्यायचा आरएक्स यांची अदलाबदल करून बसला होता, सिरीयल पोर्टला करतात तशी. ट्रान्सीव्हरला टीएक्स टीएक्सलाच जातो. असल्या गोष्टींत रजिस्टर वाचलं तर पाच मिनिटं लागतात, नाही वाचलं तर आठवडाही पुरत नाही. आणि हो, अंतर्गत लूपबॅकमध्ये सगळं चालतं म्हणून कुणी खूश झालं तर त्याला आठवण करून द्यावी लागते की त्या अवस्थेत चिप पावतीचीही वाट बघत नाही आणि वायरीकडेही बघत नाही.

तर ई-रिक्षाचा तो बोर्ड मग चार्जरला आणि डिस्प्लेला जोडला. आता ऐकणारा होता. तरी मी मुलाला पॉवर बंद करायला लावली आणि मामांना म्हटलं, एच आणि एलमध्ये मीटर लावा.

‘चाळीस ओहम, ताई.’

‘किती हवेत?’ मी मुलाला विचारलं. त्याला माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं: बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहम, म्हणजे समांतर ६०. एकशेवीस आले तर एक टोक उघडं. चाळीस आले म्हणजे तिसरा कुणीतरी मध्येच बसलाय. चार्जरमध्ये एक आतूनच होता, बोर्डावर एक, आणि डिस्प्लेच्या तयार मॉड्यूलवर एक, जो अशा बहुतेक मॉड्यूलवर सोल्डर करूनच येतो. मामांनी डिस्प्लेवरचा काढला. गंमत अशी की ४० ओहमवरही मेसेज जात होते. खरी पंचाईत तीच. ट्रान्सीव्हरला ६० ओहमसाठी बनवलेलं असतं, जास्त भार दिला की दोन व्होल्टचं अंतर आक्रसतं. पण घेणाऱ्याला शून्य ओळखायला ०.९ व्होल्ट पुरतात. म्हणून टेबलावर चालतं, आणि गाडीत मोटर सुरू झाली की अधूनमधून पडतं. तेव्हा कुणी रेझिस्टरकडे बघत नाही, सगळे कोडकडे बघतात. मला विचाराल तर कॅन शिकवताना फ्रेमच्या त्या रंगीत चौकोनांपासून सुरुवातच करू नये. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून एक साधा मीटर आणि मूठभर १२० ओहम आणायला सांगावेत आणि पहिला तास त्यावर घालवावा.

साठ ओहम झाले, पावती येऊ लागली, चुकांचा आकडा शून्यावर. आणि चार्जर ढिम्म.

‘आता तर मेसेज पोचतोय,’ मुलगा म्हणाला. ‘चार्जर खराब असणार.’

पावती देणं हे कंट्रोलरच्या हार्डवेअरचं काम. मेसेज आपल्यासाठी आहे की नाही, त्यातला मजकूर शहाणपणाचा आहे की वेडेपणाचा, हे बघण्याच्या आधीच ती दिली जाते. शिवाय ती कुणी दिली हेही कळत नाही. डिस्प्लेने दिली असली तरी बिट तोच. ज्याच्याशी बोलायचंय तो सोडून भलत्यानेच मान डोलावली, तरी पाठवणारा खूश.

चार्जरचा कागद काढला. या प्रकारच्या चार्जरचा ठरलेला रिवाज आहे: वेग २५० किलोबिट, २९ बिटांचा आयडी १८०६ई५एफ४, सेकंदाला एकदा. पहिल्या दोन बाइटमध्ये जास्तीत जास्त व्होल्टेज, पुढच्या दोनमध्ये करंट, दोन्ही दशांशाच्या एककात. आयडी बरोबर होता, वेग बरोबर होता. पॅकमध्ये तेरा सेल मालिकेत, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे ५४.६. एकक दशांश, म्हणून पाठवायचा आकडा ५४६. सोळाच्या पद्धतीत तो ०२२२ होतो. चार्जरला मोठा बाइट आधी हवा. एसटीची चिप मेमरीत छोटा बाइट आधी ठेवते. मुलाने मेमरीतला आकडा जसाच्या तसा मेसेजमध्ये ओतला होता, म्हणून वायरवर २२०२ जात होतं. म्हणजे ८७०६. आमचा बोर्ड सेकंदाला एकदा, अत्यंत शिस्तीत, पोचपावती घेऊन, चार्जरकडे ८७०.६ व्होल्ट मागत होता. चार्जरने गप्प राहणं पसंत केलं यात त्याची अक्कलच दिसली.

दोन बाइट फिरवले. आत रिले वाजला, पंखा सुरू झाला, करंट चढू लागला. मालकांनी चहा मागवला.

दोनेक आठवड्यांनी फोन आला. सकाळी चार्जिंग ठीक होतं, दुपारी सुटतं. चार्जरला पाच सेकंद मेसेज मिळाला नाही की तो स्वतः बंद होतो, आणि स्टेटसमध्ये संवाद तुटल्याचा बिट लावतो. तोच बिट लागलेला. बोर्डाच्या आत बघितलं तर बस ऑफ. एकदा बस ऑफ झाला की पुन्हा आपोआप बसवर यायचं की नाही हे ठरवणारा एक बिट असतो, आणि तो बंद होता. मुलगा लगेच म्हणाला, ‘तो सुरू करतो, प्रश्न मिटला.’ मी त्याला हात लावू दिला नाही. तो सुरू केला असता तर अकरा-अकरा रिसेसिव्ह बिटांचे १२८ संच मोजून बोर्ड परत आला असता. २५० किलोबिटला याला सहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. चार्जरला कळलंही नसतं, आम्हालाही नाही, आणि दुखणं तसंच आत राहिलं असतं. आधी कारण, मग मलमपट्टी, यावर आमची जरा बाचाबाचीही झाली.

दुपार म्हटल्यावर मला तापमानाचा संशय होता. मे महिना, वर पत्रा, बोर्ड बॅटरीच्या पेटीत बंद आणि शेजारी करंट वाहणारे मॉसफेट. मामांकडे स्लीव्ह आक्रसवायची हीट गन होती. सकाळच्या थंडाव्यात, सगळं छान चाललेलं असताना, त्यांना फक्त कंट्रोलरवर गरम हवा सोडायला सांगितली. मुलगा चुकांचा आकडा मोठ्याने वाचत होता. शून्य, शून्य, आठ, सात, पंधरा. मग भराभर. गन बाजूला केली की पुन्हा खाली.

बोर्डावर क्रिस्टलची जागा होती आणि ती रिकामी होती. बोर्ड करणाऱ्याने चिपच्या आतल्या ऑसिलेटरवर काम भागवलं होतं, क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर वाचवायला. आतला ऑसिलेटर वाईट नसतो. खोलीच्या तापमानाला टक्का-दोन टक्क्यांची चूक आणि गरम झाल्यावर त्याहून जास्त, हे डेटाशीटमध्ये स्वच्छ छापलेलं आहे. पण कॅनमध्ये क्लॉकची वेगळी वायर नसते. घेणारा प्रत्येक जण रिसेसिव्हकडून डॉमिनंटकडे जाणाऱ्या कडा बघून आपलं घड्याळ जुळवून घेतो. कडा फार दूर जाऊ नयेत म्हणून पाच सारख्या बिटांनंतर एक उलटा बिट मुद्दाम घुसवतात. एवढं करूनही बॉशच्या मांडणीत घड्याळाच्या चुकीची कमाल मर्यादा १.५८ टक्के आहे, आणि तीही साधारण १२५ किलोबिटपर्यंतच; त्यावरच्या वेगांना क्वार्ट्झ हवा असं तिथेच म्हटलंय. आम्ही दुप्पट वेगावर, पत्र्याखाली, पेटीत बसून ती मर्यादा ओलांडत होतो.

आठ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवला. त्याबरोबर हिशेबही बदलला, कारण आधी कॅनला ३२ मेगाहर्ट्झ मिळत होते, आता ३६. आठने भागायचं ते नऊने भागावं लागलं. एका बिटाचे सोळा तुकडे तसेच ठेवले आणि चौदाव्या तुकड्याच्या शेवटी वाचन, म्हणजे ८७.५ टक्क्यांवर. हा गुणाकार-भागाकार मुलाने कागदावर केला, कॅल्क्युलेटरची वेबसाइट न उघडता, आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटलं. मग पुन्हा हीट गन. हवा इतकी गरम की शेजारची स्लीव्ह वितळायला लागली, पण आकडा शून्य सोडेना. त्यानंतर मी त्याला बस ऑफमधून आपोआप बाहेर येण्याचा बिट सुरू करू दिला, पण एका अटीवर: प्रत्येक बस ऑफची नोंद मेमरीत राहिली पाहिजे आणि सर्व्हिसच्या माणसाला ती डिस्प्लेवर दिसली पाहिजे.

रिक्षा रस्त्यावर गेल्यावर त्या नोंदींनीच पुढचं सांगितलं. बस ऑफ एकदाही नाही, पण मोटर जोरात ओढत असताना पाठवतानाच्या चुका थोड्या चढतात आणि उतरतात. डिस्प्लेकडे जाणाऱ्या एच आणि एलच्या वायरी मोटरच्या केबलच्या बाजूने सरळ, सुट्या टाकल्या होत्या. मामांनी दोन वायरींची टोकं ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरली, दुसरी टोकं मुलाच्या हातात दिली आणि शेडच्या लांबीभर पीळ घातला. ‘बाहेरचा आवाज दोघींवर सारखाच पडतो मग,’ ते मुलाला समजावत होते, ‘फरकात काही येत नाही.’ डिफरन्शिअल सिग्नलचं यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मी कुठल्या वर्गात ऐकलेलं नाही. पीळ घातलेल्या वायरी मोटरच्या केबलपासून वीतभर दूर घेऊन टाकल्यावर चुका पुष्कळ कमी झाल्या. अगदी शून्य नाहीत. डिस्प्लेकडच्या वायरीचा एक फाटा अजून लागतो त्यापेक्षा लांब आहे, आणि तो कापायचा तर डॅशबोर्ड पुन्हा खोलावा लागेल, म्हणून मालक पुढच्या मॉडेलला बघू म्हणतायत.